नावांच्या यादीत पाळलेले वचन

गोंदिया जिल्ह्यात बारावी विज्ञानाचा निकाल जवळ आला की अनेक घरांत एकच धावपळ सुरू होते. जात पडताळणीसाठी वंशावळ लागते. आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ, कोणती शाखा कोणत्या गावी गेली, हे सगळे शपथपत्रावर उतरवायचे आणि त्याला पुरावा जोडायचा. अनुसूचित जमातीसाठी तो १९५० पूर्वीचा लागतो, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांसाठी १९६७ पूर्वीचा. मग शाळेचे जुने दाखल-खारीज रजिस्टर शोधले जाते, कोतवालाने लिहिलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदी निघतात, बंदोबस्ताच्या काळातले अधिकार अभिलेख उघडतात. शेतीला वारस लावायचा असला तरी तलाठ्याकडे आधी वंशावळच द्यावी लागते. वरवर रुक्ष दिसणाऱ्या नावांच्या यादीवर मुलीचा मेडिकलचा प्रवेश आणि दोन एकर धानाची बांधी अवलंबून असू शकते, हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

कागद मागणारे कार्यालय नव्हते तेव्हाही या भागात वंश सांगणारी माणसे होतीच. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या पोवारांची छत्तीस कुळे भाटांच्या पोथ्यांत नोंदलेली असत. आपले पूर्वज धार-माळव्याकडून आले ही आठवण त्या पोथ्यांनीच जिवंत ठेवली. सालेकसा तालुक्यात दरेकशाजवळ कचारगडाच्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेला तिथे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणातून गोंड बांधव येतात. याच गुहेत कोंडलेल्या आपल्या पूर्वजांना पारी कुपार लिंगोने बाहेर काढले आणि त्यांची गोत्रे लावून दिली, अशी त्यांची श्रद्धा आहे. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे ही विभागणी सोयरीक जुळवताना आजही आधी विचारली जाते. ही कथा गाऊन सांगण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या परधानांनी केले. नागपुरात काम करणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोचे गीत एका परधानाकडून उतरवून घेतले होते. १८६३ साली हिस्लॉप ओढ्याच्या पुरात बुडून मरण पावले आणि रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद १८६६ मध्ये छापले. बायबल घेऊन या भागात आलेल्या माणसाच्या कागदांत एक वंशकथा जपलेली निघावी, याचे मला फार अप्रूप वाटते.

असे असूनही बायबलमधल्या वंशावळी मात्र वाचक ओलांडून पुढे जातात. मंडळीत वाचन करायला उभा राहिलेला तरुणही त्या नावांपाशी अडखळतो आणि पाळकांकडे पाहतो. हे ओलांडणे मला खटकते, आणि या लेखामागचे कारणही तेच आहे.

नव्या कराराचे पहिले पान उघडा. तिथे चमत्कार नाही, दाखला नाही, प्रार्थनाही नाही. अब्राहामापासून येशूपर्यंत चाळीसहून अधिक नावे आहेत. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापून निघाले. म्हणजे मराठीतल्या आरंभीच्या छापील पुस्तकांपैकी एकाची सुरुवात वंशावळीने झालेली आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या नारायण वामन टिळकांना आगगाडीत एक परदेशी प्रवासी भेटला, कवितेवर बोलणे झाले आणि त्याने टिळकांना नवा करार भेट दिला. तो लोहमार्ग गोंदिया, आमगाव, सालेकसा, दरेकसा असाच जातो. टिळकांना जिंकले ते मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांतल्या डोंगरावरच्या प्रवचनाने. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्या प्रवचनापर्यंत पोचण्याची वाट तामार, राहाब, रूथ या नावांवरूनच जाते.

टिळकांच्या पावणेतीनशे वर्षे आधी गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलची सगळी कथा मराठी ओव्यांत रचली आणि १६१६ साली रायतूर येथे ते ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. पुराणाची जी पाच लक्षणे आपल्याकडे सांगितली जातात त्यांतली दोन वंश आणि वंशानुचरित ही आहेत. पुराण म्हटले की कोणाच्या पोटी कोण जन्मला हे येणारच, हे श्रोत्यांना ठाऊक होते. आदामापासून ख्रिस्तापर्यंतची कथा पुराणाच्या साच्यात इतकी सहज बसली यात नवल नाही.

पण बायबलची वंशावळ आपल्या ओळखीच्या वंशावळींपेक्षा एका बाबतीत वेगळी चालते. आपण वंशावळ काढतो ती आपला हक्क सिद्ध करायला. त्या काळच्या इस्राएलातही हा उपयोग होताच. लेवीच्या वंशाशिवाय कोणाला मंदिरात सेवा करता येत नसे, आणि कनान देशाची जमीन कुळाकुळांना वाटून दिलेली असल्याने कोण कोणाचा हे लिहून ठेवणे भागच होते. मात्र शास्त्रात या याद्या ज्या ठिकाणी येतात, तिथे सिद्ध होते ते देवाचे वचन. अमुक माणसाला देवाने अमुक शब्द दिला होता. पाहा, इतक्या पिढ्यांनंतर तो शब्द इथवर आला आहे, असे ती यादी सांगते. प्रत्येक नाव म्हणजे फेडल्या जाणाऱ्या शब्दाच्या हप्त्याची पावती.

उत्पत्तीच्या पुस्तकातच हे दिसते. पाचव्या अध्यायात आदामापासून नोहापर्यंत दहा पिढ्या आहेत. प्रत्येकाची वर्षे सांगितली आहेत आणि हनोख व शेवटचा नोहा सोडून प्रत्येकाची नोंद मरणाने संपते. अकराव्या अध्यायात शेमपासून अब्रामपर्यंतची, म्हणजेच अब्राहामापर्यंतची, वंशावळ येते. एकेक बाप, त्याचे वय, त्याचा मुलगा, असे चालत चालत लेखक तेरहाच्या घरापर्यंत पोचतो आणि तिथे एक छोटीशी नोंद करतो: अब्रामची बायको साराय वांझ होती, तिला मूल नव्हते. सगळी साखळी त्या वाक्यापाशी थांबते. वंशावळीत ज्या माणसाच्या पुढे काहीच लिहिता येणार नाही, नेमका त्यालाच बाराव्या अध्यायात देव निवडतो आणि तुझ्यापासून मोठे राष्ट्र करीन, तुझ्याद्वारे पृथ्वीवरची सगळी कुळे आशीर्वादित होतील, असे वचन देतो. तेव्हा अब्राम पंचाहत्तर वर्षांचा आहे. इसहाक जन्मतो तेव्हा तो शंभराचा झालेला असतो. मधली पंचवीस वर्षे नुसत्या शब्दावर काढलेली आहेत.

पंधराव्या अध्यायातला करार त्याच काळातला. जनावरे मधोमध चिरून दोन बाजूंना मांडायची आणि करार करणाऱ्यांनी त्यांच्यामधून चालत जायचे, अशी त्या काळची रीत होती. करार मोडणाऱ्याची गत या जनावरांसारखी व्हावी, असा त्याचा अर्थ. तिथे अब्राम गाढ झोपेत आहे, आणि त्या तुकड्यांमधून जाते ते धुराचे पात्र आणि जळती मशाल. म्हणजे देव एकटाच चालतो आणि कराराचे ओझे स्वतःवर घेतो. बायबलमधल्या सगळ्या वंशावळी त्या रात्रीच्या प्रकाशात वाचाव्यात असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट. देवाने सारायची दासी हागार हिच्या मुलाविषयी, इश्माएलाविषयीही, शब्द दिला होता की त्याच्यापासून बारा सरदार होतील. मुख्य कराराची रेषा इसहाकाकडे गेली, तरी पंचविसाव्या अध्यायात इश्माएलाच्या बारा मुलांची नावे एकामागून एक लिहिली आहेत. एसावाचा वंश तर छत्तिसावा अध्यायभर पसरला आहे. ज्यांच्यामधून कथा पुढे जाणार नाही त्यांना दिलेला शब्दसुद्धा पाळला गेला, याची नोंद ठेवायला लेखक विसरलेला नाही. याकोबाबरोबर मिसर देशात गेलेले घर सत्तर माणसांचे होते. गणनेच्या पहिल्या अध्यायात वाळवंटातली शिरगणती येते तेव्हा लढाऊ वयाच्या पुरुषांचाच आकडा ६,०३,५५० दिला आहे. अब्राहामाला आकाशातले तारे दाखवले होते, त्याचा हा हिशेब.

याच गणनेच्या पुस्तकात सत्ताविसाव्या अध्यायात पाच बहिणी मोशेपुढे उभ्या राहतात: महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बाप सलाफहाद वारला, भाऊ नाही. मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचे नाव त्याच्या कुळातून का पुसले जावे, आम्हांला जमीन द्या, असे त्यांचे म्हणणे. मोशे ते देवापुढे नेतो आणि निर्णय मुलींच्या बाजूने येतो. सातबाऱ्यावर बहिणींची नावे लावावीत की हक्कसोडपत्र करून घ्यावे, यावर आपल्याकडे भावाभावांत आजही किती खल होतो ते पाहिले की या पाच नावांचे मोल कळते. शास्त्राने त्यांना सलाफहादाच्या मुली एवढेच म्हणून सोडलेले नाही. पाचही नावे जिथे जिथे प्रसंग आला तिथे पुन्हा पुन्हा दिली आहेत.

आता मत्तयाकडे येतो, कारण सगळ्यांत श्रीमंत वंशावळ तीच आहे. मत्तयाने पिढ्यांचे तीन गट पाडले आहेत: अब्राहामापासून दावीद, दावीदापासून बाबेलचा बंदिवास, बंदिवासापासून ख्रिस्त. प्रत्येक गटात चौदा पिढ्या, असे तो म्हणतो. ही विभागणी साधण्यासाठी त्याने काही नावे गाळली आहेत. योराम आणि उज्जीया यांच्यामधले अहज्या, योवाश व अमस्या हे तीन राजे त्याच्या यादीत नाहीत. दावीद या नावाच्या इब्री अक्षरांच्या अंकांची बेरीज चौदा होते, त्यामुळे चौदाचा आकडा त्याने मुद्दाम धरला असावा असे बरेच अभ्यासक मानतात. पिढ्या गाळून वंशावळ सांगणे त्या काळी खोटेपणाचे समजले जात नसे. मधला पणतू वगळून वंशज सांगितला तरी नाते खरेच राहते. आणि हे तीन गट पाहिले तर त्यांत कराराचाच इतिहास आहे: वचन दिले, वचन सिंहासनावर बसले, वचन मोडल्यासारखे दिसले, आणि मग पुरे झाले.

या यादीत चार स्त्रिया येतात आणि शेवटी पाचवी, मरीया. सारा, रिबका, राहेल या मानाच्या आयांची नावे मत्तयाने घेतलेली नाहीत. त्याने घेतली ती अशी. तामार, जिला सासरा यहूदाने तिसऱ्या मुलाशी लग्न लावण्याचे आश्वासन देऊन माहेरी बसवून ठेवले आणि शब्द पाळला नाही. तिने वेश बदलून त्याच्याकडूनच मुलगा मिळवला, आणि जाळून टाकायला बाहेर काढले तेव्हा त्याचीच मुद्रा, दोरी आणि काठी पुढे केली. यहूदाला कबूल करावे लागले की ती आपल्यापेक्षा न्यायाची आहे. राहाब ही यरीहोची कनानी वेश्या. रूथ मवाबी, आणि मवाब्यांना तर दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत घेऊ नये असा नियम अनुवादाच्या पुस्तकात लिहिलेला. चौथीचे नावच मत्तय घेत नाही. शलमोनाची आई ती, जी उरीयाची बायको होती, असे तो लिहितो. बथशेबा म्हटले असते तरी चालले असते. पण उरीया हित्तीचे नाव घालून त्याने दावीद राजाचा व्यभिचार आणि खून दोन्ही कायमचे वंशावळीत नोंदवून ठेवले.

आपल्या घराण्याची वंशावळ लिहिताना कोण असे करील? वंशावळी बहुतेक ठिकाणी धुऊनपुसून लिहिल्या जातात. परक्या जातीची आजी, पळून गेलेली आत्या, तुरुंगात गेलेला काका हे हळूच गळतात. मत्तयाने तीन राजे गाळले, पण तामार ठेवली. माझ्या मते बायबलच्या देवाविषयी या एका निवडीइतके स्पष्ट बोलणारी वाक्ये फार थोडी आहेत. करार यहूदाच्या किंवा दावीदाच्या चारित्र्याच्या बळावर उभा असता तर तिसऱ्या-चौथ्या पिढीतच संपला असता.

रूथच्या पुस्तकाच्या शेवटी हीच वंशावळ छोट्या रूपात आहे, पेरेसापासून दावीदापर्यंत दहा पिढ्या. तिच्या आधीचा वेशीवरचा प्रसंग वाचण्यासारखा आहे. मेलेल्या एलीमलेखाचे शेत सोडवून घेण्याचा पहिला हक्क जवळच्या एका नातलगाचा असतो. शेत घ्यायला तो तयार आहे, पण शेताबरोबर रूथलाही पत्करावे लागेल आणि होणारा मुलगा मेलेल्याच्या नावाने चालेल, हे कळताच तो मागे सरतो. माझ्या स्वतःच्या वतनाचे नुकसान होईल, असे त्याचे म्हणणे. बवाज पुढे होतो. पुस्तक लिहिणाऱ्याने त्या सावध नातलगाचे नाव दिलेलेच नाही. आपले नाव आणि वतन राखू पाहणारा तो माणूस आज आपल्याला अमुक एक म्हणूनच ठाऊक आहे. ज्याने दुसऱ्याचे नाव राखायला आपले शेत लावले, तो बवाज दावीदाचा पणजोबा म्हणून दोन्ही करारांत आहे.

दावीदाला नाथान संदेष्ट्याच्या तोंडून मिळालेले वचन २ शमुवेलच्या सातव्या अध्यायात आहे: तुझे घर आणि तुझे सिंहासन कायम राहील. हे घराणे केवळ कथेतले नाही. १९९३ साली उत्तर इस्राएलातल्या तेल दान येथे इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला एक अरामी शिलालेख सापडला. कोरणारा राजा शत्रुपक्षातला आहे, आणि त्याने यहूदाच्या राजाला दावीदाच्या घराण्यातला म्हटले आहे.

मग इ. स. पूर्व ५८६ मध्ये यरुशलेम पडले, मंदिर जळाले, सिंहासन गेले. दिलेल्या शब्दाचे काय, हा प्रश्न त्या पिढीने गिळून टाकला नाही. स्तोत्र ८९ मध्ये तो देवाच्या तोंडावर विचारलेला आहे: तू तुझ्या सेवकाशी केलेला करार मोडलास. असे गाऱ्हाणे ज्या लोकांनी उपासनेच्या पुस्तकात ठेवले, त्यांचा विश्वास स्वस्त नव्हता.

यरुशलेम पडण्याआधी अकरा वर्षे, इ. स. पूर्व ५९७ मध्ये, अठरा वर्षांचा राजा यकन्या, म्हणजेच यहोयाखीन, तीन महिने गादीवर बसून बाबेलला कैद होऊन गेला होता. यिर्मयाने त्याच्याविषयी फार कठोर शब्द सांगितले होते: हा देवाच्या हातातली मुद्रेची अंगठी असता तरी काढून फेकला असता, याला निपुत्रिक म्हणून लिहा. वंशावळ लिहिणाऱ्याला यापेक्षा जड आज्ञा कोणती असेल? पण १ इतिहासाच्या तिसऱ्या अध्यायात कैदी यकन्याच्या सात मुलांची नावे आहेत. आणि इथे मातीनेही साक्ष दिली आहे. रॉबर्ट कोल्डेवाय यांनी १८९९ ते १९१७ या काळात बाबेलचे उत्खनन केले. त्यात राजवाड्याच्या कोठीतल्या मातीच्या पाट्या निघाल्या आणि १९३९ साली एर्न्स्ट वाइडनर यांनी त्यांपैकी काहींचे वाचन प्रसिद्ध केले. त्यात यहूदाचा राजा यकन्या आणि त्याचे पाच मुलगे यांना दिलेल्या तेलाचा शिधा लिहिलेला आहे. कोठारातल्या कारकुनाला कराराशी काही देणेघेणे नव्हते, तो तेलाचा हिशेब ठेवत होता. पण ज्या वंशाला पूर्णविराम मिळाला असे वाटत होते त्या वंशाची मुले जिवंत होती आणि खात होती, हे त्याने लिहून ठेवले.

यकन्याचा नातू जरूब्बाबेल परत आला आणि त्याने मंदिराचे काम हाती घेतले. हाग्गय संदेष्ट्याने त्याला सांगितले की देव तुला मुद्रेच्या अंगठीसारखा करील. आजोबाच्या वेळी काढून फेकलेली अंगठी नातवाच्या वेळी पुन्हा बोटात. १ इतिहासाची वंशावळ जरूब्बाबेलाच्याही पुढे कित्येक पिढ्या चालते, आणि त्या पिढ्यांत एकही राजा नाही. पर्शियन साम्राज्याच्या एका कोपऱ्यात, गादी नसलेल्या राजघराण्याची नावे कोणीतरी बापापासून मुलाकडे उतरवत राहिले. १ इतिहासाचे पहिले नऊ अध्याय वाचताना कंटाळणाऱ्यांना मला हेच सांगायचे आहे की ही यादी उद्ध्वस्त लोकांनी केली आहे. ती आदामापासून सुरू होते, कारण आपण अजून त्याच कथेत आहोत हे त्यांना स्वतःला पटवायचे होते.

परतलेल्यांची नोंद एज्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे, एकूण ४२,३६०. त्यांत ६५२ जण असे होते की आपण इस्राएलाचेच आहोत हे त्यांना कागदाने दाखवता आले नाही. याजकांमधल्या हबया, हक्कोस आणि बर्जिल्लय या घराण्यांना आपली नोंद सापडेना, म्हणून त्यांना सेवेतून दूर ठेवले. तरी त्यांची नावे लिहिली गेली, त्यांना वाटेत सोडून दिले नाही. पुढे नहेम्याच्या वेळी यरुशलेमचा कोट बांधणाऱ्यांत हक्कोसाच्या घराण्यातला मरेमोथ आहे, आणि एज्राच्या आठव्या अध्यायात मंदिराचे सोने-रुपे तोलून घेणारा याजक म्हणून मरेमोथच दिसतो. त्यावरून त्या घराण्याचा हक्क परत मान्य झाला असावा असे अनेक अभ्यासक समजतात.

हक्कोसाची ही गोष्ट मराठी माणसांच्या वाट्यालाही आली आहे. कोकणातले बेने इस्राएल आपल्याला इस्राएलाची लेकरे म्हणवत आले. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांच्यापासून आपला समाज झाला, अशी त्यांची परंपरा. धर्मग्रंथ आणि वंशाचे लेख समुद्रात गेले. गावांवरून रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर अशी आडनावे पडली. ते तेल गाळत आणि शब्बाथला घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आठव्या दिवशी सुंता, शब्बाथ आणि शमाची प्रार्थना एवढे त्यांनी शतकानुशतके धरून ठेवले. १९४८ नंतर ते इस्राएलला गेले, तेव्हा लग्नाच्या नोंदणीत त्यांच्या वंशाविषयी शंका काढली गेली आणि १९६२ मध्ये मुख्य धर्मपीठाने त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश दिले. मराठी बोलणाऱ्या या कुटुंबांनी रस्त्यावर येऊन विरोध केला. १९६४ साली इस्राएलच्या संसदेत ठराव झाला की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत. कागद नव्हता, पण करार पाळलेला होता, आणि अखेर तोच ग्राह्य धरावा लागला. या समाजाचे वाचन ख्रिस्ती वाचनापेक्षा वेगळे आहे हेही सांगितले पाहिजे. दावीदाला दिलेले वचन पुरे व्हायचे आहे, मशीहा यायचा आहे, असे यहुदी बांधव मानतात. वचन देणारा विश्वासू आहे याबद्दल मात्र दोघांचे एकमत आहे.

लूकच्या तिसऱ्या अध्यायातली वंशावळ मत्तयाशी जुळत नाही, हा आक्षेप जुना आहे आणि त्याला बगल देऊ नये. लूक येशूपासून उलटा वर जातो, सत्त्याहत्तर नावे घेत आदामापर्यंत आणि तिथून देवापर्यंत. दावीदानंतर मत्तय शलमोनाकडून येतो, तर लूक दावीदाचा आणखी एक मुलगा नाथान याच्याकडून. योसेफाचा बाप एकाकडे याकोब आहे, दुसऱ्याकडे एली. तिसऱ्या शतकात जूलियस आफ्रिकानस याने याचा उलगडा दिराच्या विवाहाने केला: निपुत्रिक मेलेल्या भावाच्या बायकोशी दुसऱ्या भावाने लग्न केले की मुलाला रक्ताचा एक आणि कायद्याचा एक असे दोन बाप होतात. पुढे काहींनी लूकची यादी मरीयेच्या माहेरची धरली. मला यातला एकच उलगडा शेवटचा वाटत नाही. दोघांचा रोख मात्र स्पष्ट आहे. मत्तयाला अब्राहाम आणि दावीद यांना दिलेली वचने पुरी झालेली दाखवायची आहेत, तर लूक ही बातमी आदामाच्या प्रत्येक लेकराची आहे हे सांगतो.

मत्तयाच्या यादीचा शेवटही काळजीपूर्वक पाहावा. अमक्याला अमका झाला, असे चालत आलेले वाक्य योसेफापाशी वळते. योसेफाला येशू झाला असे तो लिहीत नाही. मरीयेचा पती योसेफ, आणि तिच्या पोटी येशू जन्मला, असे लिहितो. योसेफ मुलाचे नाव ठेवतो आणि त्यामुळे तो मुलगा दावीदाच्या घराण्यात कायद्याने येतो. दत्तकाची रीत ठाऊक असणाऱ्या आपल्या वाचकांना हे समजायला जड जाऊ नये. एवढ्या लांब रक्ताच्या साखळीची शेवटची कडी स्वीकाराने जोडलेली आहे.

पुढे पौल नेमके हेच हाती घेतो. जे ख्रिस्ताचे ते अब्राहामाचे संतान आणि वचनाप्रमाणे वारस, असे तो गलतीकरांना कळवतो. रोमकरांना तो रानटी जैतुनाच्या फांदीचे चांगल्या झाडावर कलम केल्याचे सांगतो आणि त्या फांदीने मुळाला हिणवू नये अशी ताकीदही देतो. मराठी ख्रिस्ती माणसाला याचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागला नाही. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा मुलगा दत्तू त्यांच्यापासून दुरावले. नातलगांनी काय काय केले हे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवले आहे. पुढे लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला आणि पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुरे केले. ज्यांचे नाव घराच्या पोथीतून खोडले गेले, अशी कितीतरी कुटुंबे महाराष्ट्रात होऊन गेली. मवाबी रूथ आणि कनानी राहाब ज्या यादीत बसल्या त्या यादीत आपल्याला जागा आहे, हा त्यांच्यासाठी नुसता विचार नव्हता.

पाश्चात्त्य परंपरेच्या कॅथलिक उपासनेत मत्तयाची ही वंशावळ दरवर्षी १७ डिसेंबरला मोठ्याने वाचली जाते. आपापल्या मंडळीत हे वाचन होत नसेल तर घरी करावे, आणि मुलांकडून करवून घ्यावे. नावे चुकली तरी चालतील. यादी वाचण्याआधीच्या आठवड्यात उत्पत्तीचा अडतिसावा अध्याय, रूथचे चार अध्याय, २ शमुवेलचा सातवा आणि अकरावा, यिर्मयाचा बाविसावा व हाग्गयचा दुसरा एवढे वाचून ठेवा. मग मत्तयाच्या पहिल्या पानावरचे एकही नाव ओलांडावेसे वाटणार नाही.